मणक्यातला स्क्रू धरतो कशात? ऑपरेशनआधी हाड तपासण्याची आणि तयार करण्याची रीत

लातूरच्या माझ्या ओपीडीत मणक्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवायला नातेवाईक बसले की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो. "साहेब, स्क्रू कोणत्या कंपनीचे टाकणार? इंपोर्टेड टाका, पैशाचं आम्ही बघतो." सोयाबीनचे पैसे यायच्या आधीच कुणाकडून तरी उसने घेऊन आलेला मुलगा हे म्हणतो, तेव्हा त्याची तळमळ मला कळते. पण इतकी वर्षं हे काम करताना जे पाहिलं ते असं आहे: स्क्रू मोडून आलेले पेशंट थोडे. स्क्रू जसाच्या तसा आणि त्याच्या भोवतीचं हाड खचलेलं, असे मात्र कितीतरी. त्यामुळे कंपनीचं नाव विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, "आईचं हाड कसं आहे, हे कुणी तपासलंय का?"

गोठ्यातला खुंटा आठवा. मुरमाड जागेत ठोकलेला खुंटा बैलानं दिवसभर ओढला तरी जागचा हलत नाही. तोच खुंटा पावसानं भिजलेल्या काळ्या रानात ठोकला, तर दोन दिवसांत त्याच्या तोंडाशी खड्डा पडतो आणि तिसऱ्या दिवशी बैल खुंट्यासकट मोकळा होतो. खुंटा तोच, बैल तोच, फरक मातीचा. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करतात. हाडात मात्र हे उलटं चालतं. तिथे हललेला खुंटा सैलच होत जातो, कारण वरून ठोकून पुन्हा माती दाबायची सोय नसते.

हा लेख मी मराठवाड्यातल्या पेशंटच्या घरच्यांसाठी, गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांसाठी आणि नुकतंच मणक्याचं काम शिकू लागलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी लिहितोय. काही भाग घरच्यांना जड वाटेल. तो सोडून पुढे गेलात तरी चालेल, पण तपासणीचा आणि हाड भरण्याचा भाग सोडू नका.

आधी पकड म्हणजे काय ते समजून घ्या

मणक्याचा पुढचा भाग म्हणजे गोल ठोकळा, मागचा भाग म्हणजे नसांचं छत. या दोघांना जोडणारे डावे-उजवे दोन आखूड खांब असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. आपण ज्याला "पट्टी-स्क्रूचं ऑपरेशन" म्हणतो, त्यात स्क्रू पाठीमागून या खांबातून शिरतो आणि पुढच्या ठोकळ्यात जाऊन थांबतो. नंतर वरच्या-खालच्या स्क्रूंना सळईनं जोडतात.

स्क्रूची सुमारे ६० टक्के पकड या खांबातच असते. पुढचा ठोकळा दिसायला मोठा असला तरी आतून स्पंजासारखा जाळीदार असतो. ही जाळी विरळ झाली की पकड हातातून सुटते. जाळीदार हाडाची ताकद ही घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे घनता निम्मी झाली तर ताकद निम्मी राहत नाही, चौथाईवर येते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. रिपोर्टवर हाड "थोडं कमी" दिसतं, तेव्हा स्क्रूच्या दृष्टीनं ते बरंच कमी झालेलं असतं.

दुसरी गोष्ट, स्क्रू भिंतीतल्या खिळ्यासारखा सरळ उपटून सहसा येत नाही. प्रयोगशाळेत तो सरळ ओढून त्याची ताकद मोजतात, पण माणूस रोज उठतो, बसतो, वाकतो, आणि दर वेळी स्क्रूला वर-खाली हिसका बसतो. हिसके हजारोंनी बसतात. गाडीच्या काचेवर वायपर फिरावा तसं स्क्रूचं टोक आत फिरतं, भोक रुंदावतं, आणि मग एखाद्या दिवशी किरकोळ जोरानंही तो मागे सरकतो.

स्क्रू कायमचं ओझं पेलण्यासाठी नसतोच. दोन मणक्यांमध्ये टाकलेलं हाड जुळून एकसंध होईपर्यंत, म्हणजे ६ ते १२ महिने, त्यानं जागा धरून ठेवायची असते. हाड आधी जुळलं तर स्क्रूचं काम झालं. स्क्रू आधी सैल झाला तर हाड जुळायलाच तयार होत नाही.

पायरी १: मशीनआधी माणसाला विचारा

ही पायरी फुकट आहे आणि गावच्या दवाखान्यातही होते.

बाईंना पाळी कितव्या वर्षी गेली, हे विचाराच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे "पिशवी काढलीय का?" आणि हो म्हणाल्या तर "कितव्या वर्षी?" बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्याचं २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले असतील तर हाड सांभाळणारं इस्ट्रोजेन त्याच दिवसापासून तुटतं. तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी पिशवी काढलेली बाई पन्नाशीत माझ्यासमोर येते, तेव्हा तिच्या आधार कार्डावरचं वय आणि तिच्या हाडाचं वय यांत मोठी तफावत असते. जुना डिस्चार्ज कार्ड मिळाला तर अंडाशयांचं काय केलं ते वाचा. कार्ड नसेल तर सोनोग्राफीत विचारून घ्या.

उंची कमी झालीय का ते बघा. तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटरहून जास्त उंची घटली असेल तर मणका आतून चेपलेला असण्याची शक्यता धरून चाला. भिंतीला पाठ लावून उभं केल्यावर डोकं भिंतीला टेकत नसेल, तर पाठीचा एक्स-रे काढा. आधी कधी साध्या घसरण्यानं मनगट मोडलंय का, आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, हेही विचारा.

मग औषधं. दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त चालल्या असतील तर हाड विरळ झालंच असं समजून तपासणी करा. इथे एक प्रश्न मी सगळ्यांना विचारतो: "सांधेदुखीची पुडी खाता का?" आठवडी बाजारात, जत्रेत, कुणा वैदूकडे मिळणारी ती पुडी, जी खाल्ली की दुसऱ्या दिवशी कंबर मोकळी होते. तशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. पेशंट त्याला औषध समजतच नाही, म्हणून आपणहून सांगत नाही.

तंबाखू आणि मिश्री. पुरुष तंबाखू मळतात हे सगळ्यांना दिसतं. बाया सकाळी मिश्री लावतात ते कुणी विचारत नाही, आणि आजी नातवासमोर सांगत नाहीत. सुनेला बाजूला घेऊन विचारा. निकोटीन कुठूनही शरीरात गेलं तरी हाड जुळण्याच्या आड येतंच.

मधुमेह असेल तर वेगळी खूण करून ठेवा. टाइप २ मधुमेहात घनता आकड्यात चांगली दिसते, पण हाड ठिसूळ असतं.

पायरी २: हाड मोजा, आणि मोजमाप कुठे फसतं ते ओळखा

घनता मोजायची रूढ तपासणी म्हणजे डेक्सा. त्यात टी-स्कोअर मिळतो, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती कमी-जास्त आहे तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली ठरवलेली मोजपट्टी आजही चालते: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये हाड कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाड. मात्र साध्या पडण्यानं मणका चेपला असेल, तर टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरायचा.

शिबिरात टाच किंवा बोट मशीनवर ठेवून जो आकडा देतात, त्यावर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका. खरा डेक्सा झोपवून करतात, कंबर आणि खुबा दोन्हींचा.

आणि खरा डेक्साही साठीनंतर कमरेत फसवतो. मणक्याच्या कडेला वाढलेले काटे, जाड झालेले सांधे, रक्तवाहिनीत साठलेलं कॅल्शियम, चेपून दाट झालेला मणका, हे सगळं मशीनला "हाड" म्हणूनच दिसतं. ज्यांना मणक्याचं ऑपरेशन लागतं, त्यांच्या कमरेत नेमकं हेच सगळं असतं.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण पटलं ते औसा तालुक्यातल्या एका आजींमुळे. मणका सरकलेला, दोन्ही पायांत मुंग्या, पन्नास पावलं चाललं की बसायला लागायचं. कमरेचा टी-स्कोअर उणे १.२ होता. मी समाधान मानलं. चार स्क्रू टाकले, आजी छान चालू लागल्या. चौथ्या महिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "कुशीवर वळलं की आत कायतरी हलायलंय, सायब." एक्स-रेत खालच्या दोन्ही स्क्रूंभोवती काळी कड होती. त्यांच्या नातवाच्या हातात कापडाच्या दुकानाची पिवळी पिशवी होती, सगळ्या जुन्या फिल्म तीत. आदल्या वर्षी मूतखड्यासाठी काढलेला सीटी त्यातच होता. ती पिशवी पहिल्या भेटीतही माझ्या टेबलावर होती आणि मी ती उघडली नव्हती. सीटी सेंटरवर जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर त्याच जुन्या स्कॅनमध्ये मोजलं, तर पहिल्या कंबर-मणक्याचा आकडा ७८ निघाला. म्हणजे मला हवी असलेली माहिती ऑपरेशनच्या वर्षभर आधीपासून तयार होती. आजींना दुसऱ्यांदा टेबलवर जावं लागलं. तेव्हापासून मी कुणाचीही पिशवी उघडल्याशिवाय तारीख देत नाही.

तो ७८ म्हणजे काय? सीटीत प्रत्येक ठिपक्याला हौन्सफिल्ड युनिट नावाचा आकडा असतो, थोडक्यात एचयू. पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि घट्ट हाड बरंच वर. मणक्याच्या जाळीचा एचयू थेट सांगतो की स्क्रू जिथे बसणार तिथे काय आहे. मोजायची रीत अशी:

पहिल्या कंबर-मणक्याचा, म्हणजे एल-१ चा, आडवा काप घ्या, ठोकळ्याच्या मध्यावरचा. आतल्या जाळीदार भागात शक्य तेवढं मोठं लंबगोल रिंगण काढा. ते कडेच्या घट्ट हाडाला लागू देऊ नका, मागच्या बाजूला शिरेची जागा असते तीही टाळा. सॉफ्टवेअर सरासरी दाखवतं. थोडं वर आणि थोडं खाली असे आणखी दोन काप घेऊन तिन्हींची सरासरी काढा. मग ज्या मणक्यांत स्क्रू बसणार आहेत तिथेही तसंच मोजा. चेपलेला किंवा गाठ असलेला मणका मोजायचा नाही.

नेहमीच्या १२० केव्हीच्या सीटीत एल-१ चा आकडा १६० च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता कमी. ११० किंवा त्याखाली असेल तर मी हाड ठिसूळ आहे असं धरून सगळं नियोजन बदलतो, डेक्सा काहीही म्हणो. मधल्या पट्ट्यात पेशंटची बाकीची हकीकत निर्णय देते. शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटीत आकडा फुगतो. मूतखड्याचा सीटी बहुधा औषधाशिवाय काढतात, म्हणून तो या कामाला उत्तम. हे मोजमाप फिल्मवर होत नाही, त्यासाठी सीडी लागते. नातेवाइकांनी एवढं करावं: कुठलाही सीटी काढला की फिल्मसोबत सीडी मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

एमआरआय तर जवळजवळ प्रत्येक मणक्याच्या पेशंटचा असतोच. टी-१ चित्रांत मणक्याचा मगज जितका उजळ तितकी त्यात चरबी जास्त आणि जाळी कमी. मणक्याचा उजळपणा भागिले पाठीच्या पाण्याचा उजळपणा असा हिशेब काढून हाडाची प्रत जोखतात. माझ्या मते हा इशारा म्हणून चांगला आहे. त्यावरून शंका आली की सीटी किंवा डेक्सा करावा.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडच्या पेशंटबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. त्या भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोरोसिस झालेलं हाड एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसतं, डेक्सात घनता भरपूर येते. पण ते हाड दाट आणि तरीही ठिसूळ असतं. स्क्रू फिरवताना चिरण्याची भीती, शिवाय मणक्यातले पडदे हाडासारखे कडक होऊन नसा आवळलेल्या. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले, अंग ताठरलेलं दिसलं की कोणत्या बोअरचं पाणी पिता ते विचारा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. अशा पेशंटच्या चांगल्या टी-स्कोअरवर विसंबू नका.

पायरी ३: रक्त

व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, थायरॉइड, आणि मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. कॅल्शियम वर-खाली असेल तर पॅराथायरॉइड हॉर्मोनही. हिमोग्लोबिन कमी, ईएसआर खूप जास्त आणि मणका चेपलेला, असं त्रिकूट दिसलं तर मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजाचा कॅन्सर, नाही ना याची तपासणी केल्याशिवाय स्क्रूचं नाव काढू नका. पुरुषाचं हाड ठिसूळ निघालं तर त्यामागं बऱ्याचदा काहीतरी कारण असतं. दारू, स्टेरॉइड, हॉर्मोन, सगळं शोधा.

उन्हात राबणाऱ्यांना डी कसं कमी पडेल, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण डोक्यावर पदर, पूर्ण बाह्या, आणि कंबर दुखायला लागल्यापासून वर्षभर घरातच. आकडा २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, आणि ऑपरेशनआधी तो ३० च्या वर यायला हवा.

पायरी ४: थांबता येईल का?

लघवी-संडासवरचा ताबा गेला, पायातली ताकद झपाट्यानं कमी होतेय, मणक्यात पू किंवा गाठ नस दाबतेय, तर हाड भरायची वाट बघत बसायचं नाही. लगेच ऑपरेशन, आणि कमकुवत हाडासाठीची सगळी काळजी टेबलवर घ्यायची.

पण कमरेच्या बहुतेक ऑपरेशनांत तशी घाई नसते. वर्षानुवर्षं दुखणारी कंबर आणखी तीन महिन्यांनी केली तर बिघडत नाही. लोकांना हे पटवणं अवघड जातं. "एकदाचं करून टाका, साहेब, पुन्हा कामाचे दिवस येतील," असं म्हणतात आणि त्यांचंही खरं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला दसऱ्याच्या आत मोकळं व्हायचं असतं. मी त्यांना खुंट्याचंच उदाहरण देतो. ओल्या रानात आज ठोकण्यापेक्षा वाफसा येऊ द्यावा.

याच टप्प्यावर आणखी एक विचारा: स्क्रू खरंच लागणार आहेत का? नस फक्त दाबली गेलीय, मणका हलत नाही, सरकत नाही, तर नुसती नस मोकळी करून भागू शकतं. ठिसूळ हाडात न टाकलेला स्क्रू सैल होत नाही. सर्जनला हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

पायरी ५: हाड भरा

व्हिटॅमिन डी कमी असेल तर साधारणपणे आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी किंवा गोळी, आठ आठवडे, आणि मग महिन्याला एक. दुधातून घेतली तर बरं. काही जण ताकद यावी म्हणून दर महिन्याला सहा लाखांचं इंजेक्शन टोचून घेतात, ते अजिबात करू नका. कॅल्शियम वाढून किडनीला मार बसतो.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं, जेवण आणि गोळी मिळून. पेलाभर दुधातून सुमारे २५० मिळतं. न सोललेल्या तिळात कॅल्शियम भरपूर आहे. तिळाची चटणी आपल्या ताटात आधीपासून होती, ती परत आणा. प्रोटीनकडे लक्ष द्या. माळकरी आजी-आजोबांच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण एवढंच असतं. त्यात दही, हरभरा, मटकी, शेंगदाणे वाढवा. अंडी चालत असतील तर दोन रोज.

तंबाखू, मिश्री, गुटखा ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधी बंद, आणि नंतर हाड जुळेपर्यंत बंदच.

हे सगळं पाया भरण्यासारखं झालं. हाड खरोखर कमकुवत असेल तर औषध लागतं, आणि स्क्रूच्या दृष्टीनं सगळी औषधं सारखी नाहीत. नवं हाड घडवणारं टेरिपॅराटाइड हे माझं पहिलं पसंतीचं औषध. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटाच्या कातडीखाली, इन्सुलिनसारखं पेनानं. ऑपरेशनआधी दोन-तीन महिने आणि नंतरही काही महिने, एकूण दोन वर्षांच्या आत. ते दिल्यानं स्क्रू सैल होण्याचं प्रमाण घटतं आणि हाड जुळायलाही मदत होते. हाडाचा कॅन्सर, आधी दिलेलं रेडिएशन किंवा रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल तर ते चालत नाही.

हे पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. लातूरहून गावी नेताना मे महिन्यात एसटीत ४२ अंशांची भट्टी असते. थर्मासमध्ये बर्फाचा पॅक, त्यावर कापड, कापडावर पेन. बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलेलं औषध वाया जातं. घरी फ्रिजच्या दारात किंवा फ्रीझरजवळ न ठेवता मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रिज नसेल तर गावातल्या मेडिकलवाल्याशी बोला, बरेच जण आनंदानं ठेवून देतात. पेन उघडल्यापासून २८ दिवसांनी, आत औषध उरलं असलं तरी, टाकून द्या.

परवडत नसेल तर झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅमचं सलाइन किंवा अलेंड्रोनेटची आठवड्याला ७० मिलिग्रॅमची गोळी आहे. ही औषधं हाडाची झीज थांबवतात आणि काहीच न देण्यापेक्षा कितीतरी बरी. गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. झोलेड्रोनिक ॲसिडआधी डी भरलेलं आणि किडनी ठीक हवी. दात काढायचे असतील तर आधी काढून घ्या.

डेनोसुमॅब हे झीज थांबवणारं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी देतात. ते मध्येच सोडलं तर हाड झपाट्यानं खचतं आणि एकापाठोपाठ एक मणके चेपू शकतात. ज्याला पुढच्या तारखेला येणं जमेल याची खात्री नाही, त्याला मी ते सुरूच करत नाही.

पायरी ६: टेबलवर

हा भाग माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी.

हाड कसं आहे हे प्रोब, म्हणजे स्क्रूची वाट करायची बोथट सळई, हातात घेतल्यावर कळतं. चांगल्या पेडिकलमध्ये प्रोब कुरकुरत जातो, मनगटाला जोर लावावा लागतो. ठिसूळ हाडात तो भिजत घातलेल्या सरकीच्या पेंडीत बोट जावं तसा आवाज न करता शिरतो. हा स्पर्श झाला की थांबा आणि आधी ठरवलेला दुसरा मार्ग धरा. तो आधी ठरवलेला असला पाहिजे. सिमेंट, जाड स्क्रू, जास्तीची सळई ऑपरेशन थिएटरात हजर नसेल, तर कळून काही उपयोग नाही.

पकड सगळ्यात जास्त वाढते ती स्क्रूच्या जाडीनं. सीटीवर पेडिकलची रुंदी मोजून मावेल तेवढा जाड स्क्रू घ्या, पण खांब फुटेल इतका नको, कारण ठिसूळ खांब फुगत नाही, चिरतो. लांबी ठोकळ्याच्या खोलीच्या ८० टक्क्यांपर्यंत. सेक्रममध्ये, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडात, हाड मऊ असतं, तिथे स्क्रूचं टोक पुढच्या वरच्या कडेच्या घट्ट हाडात धरायला लावा.

टॅप, म्हणजे स्क्रूआधी आटे पाडायचं हत्यार, स्क्रूपेक्षा एक मिलिमीटर बारीक वापरा, किंवा फारच मऊ हाड असेल तर टॅप करूच नका. स्क्रू एकदाच, एका दमात घाला. कोनिकल, म्हणजे टोकाकडे निमुळता, स्क्रू मागे घेतला तर पकड जाऊ शकते. वाट चुकली म्हणून काढून घातलेला स्क्रू पहिल्यासारखा कधीच बसत नाही. म्हणून सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनखाली, वाट नीट केल्याशिवाय स्क्रू हातात घेऊ नका. शेवटी डोकं हाडावर घट्ट दाबून बसवायचा मोहही आवरा, त्यानं खांबाच्या तोंडाशीच तडा जातो.

दोन्ही बाजूंचे स्क्रू आत वळलेले असू द्या. पुढे जवळ आलेले दोन स्क्रू आडव्या दांडीनं जोडले की उपटायला त्यांच्यामधलं हाडही सोबत यावं लागतं. खालून वर आणि आतून बाहेर जाणारी कॉर्टिकल वाट आखूड स्क्रूला घट्ट हाडात पकड देते, निवडक पेशंटमध्ये ती मला आवडते. दोन मणक्यांमध्ये केज, म्हणजे पिंजऱ्यासारखा आधार, टाकला की ओझं पुढे जातं आणि स्क्रूवरचा हिसका घटतो. लांब जोडणीत वर-खाली एकेक मणका वाढवून भार वाटून घ्या. पाठीच्या पोकाच्या टोकावर जोडणी संपवू नका.

एचयू फार कमी असेल तर भोकं असलेल्या स्क्रूमधून सिमेंट. पकड दुप्पट किंवा त्याहून जास्त होते, पण हे हलकं काम नाही. सिमेंट टूथपेस्टसारखं घट्ट झाल्यावरच दाबा, प्रत्येक स्क्रूला दीड-दोन मिलिलिटर पुरे. सी-आर्म बाजूनं सतत चालू ठेवा, आणि सिमेंट ठोकळ्याच्या मागच्या चौथाईकडे येऊ लागलं की त्याच क्षणी थांबा. नसेकडे गळलं तर पाय जातो, शिरेतून फुप्फुसात गेलं तर जीव. सिमेंट सुरू करण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्यानं सांगा. जंतुसंसर्ग असेल तिथे हा मार्ग नाही.

पायरी ७: घरी गेल्यावर

पट्टा लावला म्हणजे स्क्रू धरला गेला असं नाही. पट्टा फक्त वाकायचं नाही याची आठवण करून देतो. पहिले तीन महिने हंडा, कळशी, गॅस सिलिंडर उचलायचं नाही, वाकून झाडू-पोछा नाही, खुरपायला बसणं नाही. संडासाला उकिडवं बसावं लागत असेल तर भोकाची खुर्ची दोन दिवस आधीच आणून ठेवा. झोपायला जमिनीवरची गादी नको, गुडघ्याएवढी उंच खाट हवी. मोटारसायकलवर मागं बसून आपल्या रस्त्यांवरून तालुक्याला जाणं, हा स्क्रूला सगळ्यात वाईट हिसका. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून, थोडं थोडं, रोज वाढवत.

एक्स-रे दीड महिना, तीन महिने, सहा महिने आणि वर्षानं. प्रत्येक वेळी जुने सोबत आणा, कारण फरक एकमेकांशेजारी ठेवूनच दिसतो. स्क्रूभोवती मिलिमीटरभर किंवा जास्त रुंद काळी कड दिसली तर तो सैल होतोय. कमी झालेलं दुखणं दोन-चार महिन्यांनी परत आलं, कुशीवर वळताना किंवा खुर्चीतून उठताना एकदम चमक आली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ताप, जखमेतून पाणी किंवा रात्रीचं वाढतं दुखणं असेल तर सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, कारण जंतूंमुळेही स्क्रू सैल होतो.

सैल झालेला प्रत्येक स्क्रू काढावा लागतो असं नाही. हाड जुळत आलं असेल आणि त्रास नसेल तर औषध चालू ठेवून बघता येतं. दुखत असेल, मणका सरकत असेल, तर पुन्हा उघडून जास्त जाड स्क्रू किंवा सिमेंट.

टेरिपॅराटाइडचा कोर्स संपला की महिन्याभरात झोलेड्रोनिक ॲसिड किंवा अलेंड्रोनेट सुरू व्हायलाच हवं. नाहीतर कमावलेलं हाड वर्षभरात परत जातं. ही तारीख मी डिस्चार्ज कार्डावर लाल पेनानं लिहितो आणि घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहायला लावतो. औशाच्या त्या आजींच्या घरी दुधाच्या हिशेबाच्या खुणांशेजारी ती तारीख होती, नातवाच्या अक्षरात, आणि त्या दिवशी सकाळी नऊला आजी नातवाला घेऊन ओपीडीच्या बाकावर बसलेल्या होत्या.